हाडांची तळघरं बघायला निघण्याआधी

पॅरिस-प्रागची तिकिटं काढण्याआधी बडोद्यातलाच हजिरा बघून या. अकबराच्या काळातला कुतुबुद्दीन खानाचा अष्टकोनी मकबरा. वर दिसते ती नुसती खूण, खरी कबर खाली तळघरात. ही वर-खालीची मांडणी डोळ्यात बसली की युरोपातल्या चर्चमध्येही फरशीखाली काय असेल याचा अंदाज येतो.

पॅरिसच्या कॅटाकोम्ब्जमध्ये, म्हणजे माणसांची हाडं रचून ठेवलेल्या भुयारांत, १३१ पायऱ्या खाली, मग दीड किलोमीटर चाल, शेवटी ११२ पायऱ्या वर. चढाई शेवटी येते, म्हणून गुडघेदुखीवाल्यांची तिथेच पंचाईत होते. आत स्वच्छतागृह नाही, आधीच उरकून घ्या. हवा बारमाही १४ अंश. मे महिन्यातल्या बडोद्याच्या हिशेबाने कपडे भरलेत तर कुडकुडाल. जमीन ओली असते, चपला नकोत. बाहेर पडता तो रस्ताही वेगळाच, तेव्हा वर थांबणाऱ्या आईबाबांना ‘दारातच भेटू’ सांगू नका.

प्रागहून सेडलेकला, म्हणजे कुतना होरा गावातल्या हाडांनी सजवलेल्या चर्चला जायचं तर कुतना होराच्या मुख्य स्टेशनवरच उतरा, पुढे पायी. गावातल्या स्टेशनापर्यंत गेलात तर उलटं यावं लागतं. आत जागा छोटी, गर्दी फार. पर्यटकांच्या आचरटपणामुळे २०२० पासून परवानगीशिवाय फोटो बंद, त्यामुळे हाडांचं झुंबर डोळ्यांनीच बघा.