व्हिसल आणि मँडोलिन एकत्र शिकताना

दोन्ही वाद्यं एकदम शिकायला हरकत नाही, पण आयरिश चाल आधी डी व्हिसलवर (डी सुरातल्या छोट्या धातूच्या बासरीवर) बसवा. श्वास कुठे घ्यायचा ते ठरवताना चालीचे तुकडे आपोआप कळतात. मग तीच मँडोलिनवर घ्या. तारा फिडलसारख्याच (म्हणजे व्हायोलिनसारख्याच), जी-डी-ए-ई. सगळ्यात खालच्या ‘जी’ तारेवर उतरणारा भाग व्हिसलवर मिळत नाही, तेवढा व्हिसलवर वरच्या सप्तकात घ्यायचा.

खरी मेहनत उजव्या हाताची. जिगमध्ये (तीन-तीन स्वरांच्या तिकड्यांची नाचाची चाल) पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असाच चालवा, म्हणजे प्रत्येक तिकडीचा पहिला स्वर खालच्या फटक्यावर ठसठशीत येतो. रीलला (चार-चार स्वरांची नाचाची चाल) सरळ खाली-वर. व्हिसलवरचा रोल (एका स्वराभोवती वरखालचे स्वर झटकन घेऊन केलेली सजावट) मँडोलिनवर तसाच उतरत नाही. तिथे झटपट ट्रिपलेट, म्हणजे तीन स्वरांचा झटका, शोभते. सेशनमध्ये (सगळ्यांनी जमून वाजवायच्या बैठकीत) चाल पाठ नसेल तर वाद्य मांडीवर ठेवून मनापासून ऐका.