आजोबांच्या कागदावरचा जिल्हा

प्रश्न : आमचे घराणे चार पिढ्यांपासून बडोद्यात, दांडिया बाजारात आहे. आजोबांच्या पेटीत १९५२ सालचा, घडीवर विरलेला एक कागद सापडला. त्यावर 'मौजे आचरे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी' असे लिहिले आहे. संगणकावर सात-बारा शोधताना मात्र रत्नागिरी जिल्ह्यात मालवण तालुकाच दिसत नाही. आता चौकशी कोठे करावी?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : आपला कागद खरा आहे आणि गावही जागच्या जागी आहे; बदलला तो जिल्हा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा करण्यात आला आणि मालवण तालुका त्यात गेला. जिल्ह्याचे नाव मालवणसमोरच्या समुद्रातील शिवकालीन किल्ल्यावरून आले आहे, म्हणजे आपल्याच तालुक्यातील किल्ल्याचे नाव साऱ्या जिल्ह्याला मिळाले.

ही विभागणी का करावी लागली, हे नकाशापेक्षा पायी चालणाऱ्याला लवकर कळे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यातील चिंचोळ्या पट्टीतून नद्या पश्चिमेकडे धावतात आणि त्यांच्या मुखाशी भरतीचे पाणी आत शिरून खाड्या होतात. आचऱ्याच्या खाडीपलीकडचे मुणगे डोळ्यांना दिसते, पण ते देवगड तालुक्यात मोडते. पूल नव्हते तेव्हा होडी मिळेपर्यंत काठावर ताटकळावे लागे. अशा किनाऱ्यावरून मालवणच्या माणसाने कचेरीच्या एका सहीसाठी दूर रत्नागिरीला जायचे, हा त्याच्यावर अन्यायच होता, असे मला वाटते. उत्तरेकडे विजयदुर्गची खाडी आज दोन जिल्ह्यांची सीमा आहे, दक्षिणेकडे तेरेखोल नदीपलीकडे गोवा लागतो. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण किनाऱ्यावरच्या जुन्या बंदरात न ठेवता महामार्गालगत ओरोस येथे वसवले गेले. त्यालाच सिंधुदुर्गनगरी म्हणतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे किनारी तालुके आणि वैभववाडी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, दोडामार्ग हे आतले तालुके, अशा आठही तालुक्यांचे जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषद तेथेच बसतात.

आता आपल्या कामाचे. महाभूलेख या राज्य शासनाच्या जमीन नोंदींच्या संकेतस्थळावर आधी कोकण विभाग, मग सिंधुदुर्ग, मग मालवण आणि शेवटी आपले गाव निवडावे. जिल्हा बदलला तरी तालुका तोच राहिला, त्यामुळे जुन्या फेरफारांची, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींची, विचारणा मालवणच्या तहसील कचेरीत आणि मोजणीच्या नकाशांची तेथील भूमी अभिलेख कार्यालयात करावी. त्यासाठी रत्नागिरीला खेप घालू नये. जुना गट किंवा सर्व्हे क्रमांक कागदावर असेल तर तो आधी उतरवून घ्यावा, कारण क्रमांक पुढे बदललेला असू शकतो आणि नुसत्या आडनावावरून शोध घेतल्यास भाऊबंदांची नावे एकमेकांत मिसळतात. वारसनोंद राहिली असल्यास अर्ज गावच्या तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्यावा, आणि सोबत आजोबांचा व वडिलांचा मृत्यूचा दाखला व वंशावळ जोडावी. मूळ कागद मात्र हातचा सोडू नये, त्याची प्रतच द्यावी.