घरी बदललेली बॅटरी चाळीस टक्क्यांवरच मान टाकते

प्रश्न : लॅपटॉपची बॅटरी घरीच बदलली. चार्जिंग ८० टक्क्यांपुढे जात नाही आणि ४० टक्के दिसत असताना लॅपटॉप अचानक बंद पडतो. बॅटरी नकली आहे का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ८० चं कोडं बहुधा सोपं. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये बॅटरी जपण्यासाठी चार्जिंगची मर्यादा लावलेली असते, ती काढा.

४० वर बंद पडणं मात्र दोन कारणांनी होतं. एक, टक्केवारीचा अंदाज चुकतोय. १०० टक्के चार्ज करून दोन तास तसंच ठेवा, मग बंद पडेपर्यंत वापरा आणि न थांबता पुन्हा पूर्ण भरा. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते, म्हणून हे वीज टिकेल त्या दिवशीच करा. दोन, सेलच कमजोर आहेत. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘powercfg /batteryreport’ ही आज्ञा टाइप करा. अहवालात मूळ क्षमता ५० वॉट-तास आणि पूर्ण चार्जची ३० दिसली, तर ‘नवी’ बॅटरी जुन्या साठ्यातली समजा, बदलून मागा.

जुन्या-नव्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेजही ताडून बघा. ११.१ च्या जागी १४.८ व्होल्ट चालत नाही. बॅटरी फुगली असेल, तर चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका.