लडाखची मार्खा व्हॅली एकट्याने, गाईडशिवाय करायची आहे. सह्याद्रीत भरपूर ट्रेक केलेत. तयारी कशी करू?

सह्याद्रीत सॅक घेऊन फिरताय म्हणजे पायांची काळजी नाही. फारतर रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाई खिंडीतून करा, तेही मार्खाला नेणार तेवढंच वजन घेऊन. पण उंचीचा सराव इथे होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि लेहचा विमानतळच ३२०० मीटरच्या वर! विमानाने गेलात तर लेहमध्ये दोन-तीन रात्री काढा, पहिल्या दिवशी नुसतं लोळा. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, ग्रुपवरच्या दादांना नाही.

एकट्याची खरी गोची अशी की विरळ हवेत आधी डोकंच मंद होतं, आणि 'अरे, तू अडखळतोयस' असं सांगायला शेजारी कुणी नसतं. म्हणून निर्णय घरीच घ्या आणि कागदावर लिहून खिशात ठेवा. माझ्या कागदावर होतं ते सांगतो: डोकं दुखतंय आणि मळमळतंय, तर मुक्काम तिथेच. आराम करूनही वाढतंय, किंवा सरळ रेषेत चालता येत नाही, तर लगेच खाली. सकाळी अकराच्या आत 'कोंगमारू ला' या खिंडीच्या माथ्यावर नाही, तर परत निमालिंगला, म्हणजे खिंडीआधीच्या मुक्कामाला. तिथे पोचल्यावर वाद घालत बसायचं नाही.

हांकर गाव ते निमालिंग ही एका दिवसात जवळपास ७०० मीटरची चढाई आहे. मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम करा. खिंड ५२०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हाताशी एखादा जादा दिवस हवाच. परतीचं तिकीट ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका.

तंबू, स्टोव्ह लागत नाही. स्कियू, मार्खा, हांकरला होमस्टे आहेत, दुपारचा डबाही बांधून देतात. निमालिंगला तंबू मिळतो, पण ऑगस्टातही रात्री हुडहुडी भरते. डाऊन जॅकेट वगळू नका.

बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड घ्या. दरीत मात्र नेटवर्क नाहीच असं धरून चाला. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर नेणं भारतात बेकायदा आहे, परदेशातल्या मित्राकडून मागवू नका. त्यापेक्षा मुक्कामांची यादी घरी आणि लेहच्या गेस्टहाऊसवर द्या, कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा तेही लिहा. होमस्टेच्या आमा-लेंना (घरच्या आईला तिकडे असंच म्हणतात) उद्या कुठे जाणार ते सांगून निघा. पुढच्या गावात ती खबर कुणा ना कुणाबरोबर पोचते.

ओढ्यांचं शेवटी सांगतो, कारण सह्याद्रीवाले इथेच गाफील राहतात. आपल्याकडे पाऊस पडला की पाणी चढतं. तिथे स्वच्छ ऊन पडलं की वरचा बर्फ वितळून दुपारनंतर चढतं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी चारला मांडीपर्यंत येऊ शकतं, आणि इतकं गढूळ की तळ दिसत नाही. सकाळीच ओलांडा. सॅकचा कमरपट्टा आणि छातीपट्टा आधी सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवून, एका वेळी एकच पाय. अनवाणी मुळीच नको, जुने फ्लोटर्स न्या.