अकुशल म्हणजे नवखा नव्हे

परळहून एका ताईंनी विचारलंय. त्यांचा मुलगा पदवी घेऊन दोन महिन्यांपूर्वी नोकरीला लागला. साहेबांनी त्याच्या कागदावर शेरा मारला, 'अद्याप अकुशल'. ताईंना तो शब्द लागला. 'अकुशल' आणि 'अननुभवी' एकच का, आणि नव्या माणसाला मराठीत नेमकं काय म्हणावं, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, लागला ते बरोबरच झालं. एकच नाहीत. पंचवीस वर्षं गाडी चालवून अजून दर सिग्नलला क्लच जाळणारा माणूस अनुभवी असतो, कुशल नसतो. पहिल्याच खेपेला पोळी गोल लाटणाऱ्या मुलीला अननुभवी म्हणता येईल, अकुशल कसं म्हणणार? तरी हल्ली जो तो नव्या पोराला अकुशल म्हणतो. बातम्यांत तेच, भाषणांत तेच, सोसायटीच्या सभेतही तेच. ऐकून कान किटले.

हा शब्द पसरला तो सरकारी कागदांतून. 1948 च्या किमान वेतन कायद्याखाली मजुरीचे दर ठरू लागले, त्यांच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आल्या. त्या पायऱ्या कामाच्या आहेत. अमुक काम शिकायला वेळ लागतो, तमुक कामाला लागत नाही, एवढंच त्यांत म्हटलंय. आपण मात्र कामाची चिठ्ठी माणसाच्या कपाळावर चिकटवली. आमच्या इमारतीची डागडुजी चालली होती तेव्हा मी रोज बघायचो. कागदावर अकुशल असलेली बिगारी बाई डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मालाने भरलेलं घमेलं, अशी बांबूच्या परांचीवरून तिसऱ्या मजल्यावर जायची. दोन्ही हात मोकळे. माल पातळ झालाय हे ती फावड्याच्या आवाजावरून गवंड्याच्या आधी सांगायची. आणि 'बिगारी' या शब्दाचा मूळ अर्थ काय, तर वेठीला धरलेला, बिनमोलाने राबणारा. वेठबिगारीतला तोच हा बिगार, फारसीतून आलेला. तिच्या कामाला दोन शब्द मिळाले आणि दोन्ही तिच्यावर अन्याय करणारे.

पण मला खरं सांगायचंय ते 'कुशल'बद्दल. हा शब्द 'कुश' म्हणजे दर्भ, या गवतापासून आला, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. 'कुशान् लाति', म्हणजे जो कुश आणतो तो कुशल. पिठोरी अमावस्येला वर्षभराचे दर्भ काढून ठेवायची रीत आहे. लहानपणी वसईला आजोबांबरोबर मी एकदा गेलो होतो. लांबून साधं गवत दिसतं, पण पात्याच्या कडेला डोळ्यांना न दिसणारे दाते असतात. मी मधेच सैल मूठ धरून ओढलं आणि तर्जनीवर करवतीसारखी रेघ उमटली. आजोबांनी जुडगा बुडाशी घट्ट धरला, थोडा पिळला, एका हिसक्यात मुळासकट वर घेतला. सत्तरीतल्या माणसाच्या बोटाला ओरखडा नाही. त्या दिवशी मला 'कुशल' कळला, शब्दकोश पुढे कधीतरी आला. आणि याच गवताच्या टोकावरून 'कुशाग्र' बुद्धी! एका पात्याच्या धारेने एक शब्द दिला, टोकाने दुसरा.

यावर जुना वाद आहे. अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्यप्रकाशात 'कर्मणि कुशलः' (कामात कुशल) हे रूढ लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सुटून रूढीने दुसराच अर्थ लागण्याचं, उदाहरण दिलं: मुळात दर्भ आणणारा, रूढीने निपुण. चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात ते खोडून काढलं. व्युत्पत्ती एक आणि वापर दुसरा, असं त्याचं म्हणणं. 'गो' शब्द जाण्याच्या धातूपासून आला म्हणून 'गाय झोपली आहे' या वाक्यातही लक्षणा मानायची का, असा त्याचा सवाल. युक्तिवाद चलाख आहे, पण मला मुळीच पटत नाही. गायीकडे बघून कुणाला चालण्याचा धातू आठवत नाही. दर्भ उपटणाऱ्याला मात्र बोट कापलं की कुशल म्हणजे काय ते तिथल्या तिथे कळतं. विश्वनाथाने अलंकारशास्त्र उत्तम लिहिलं, पण या जागी तो दर्भाच्या रानात न जाता घरात बसून बोलला. आजचे जे पंडित 'ही लोकव्युत्पत्ती' म्हणून हात झटकतात, त्यांनी तर एकदा अमावस्येला वसईला यावंच.

ते विचारतात, मग कुशल म्हणजे क्षेम हा अर्थ कुठून आला? पत्रात आपण 'इकडील सर्व कुशल' लिहितो, त्यात निपुणता कुठे आहे? माझं उत्तर ठाम आहे. जो दर्भ घेऊन बोटं शाबूत ठेवून परतला तो निपुणही आणि सुखरूपही. दोन्ही अर्थ एकाच मुठीतले. म्हणून 'अकुशल'ही दुहेरी लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात 'अकुशलं कर्म' आहे, तिथे अडाणी हाताचं काम अभिप्रेत नाही, नकोसं, अशुभ काम अभिप्रेत आहे. धम्मपदात सगळी पापं टाळा म्हटल्यावर लगेच 'कुसलस्स उपसंपदा' येतं, ते कुसल म्हणजे चांगलं कर्म. दादरला चैत्यभूमीवर येणाऱ्या कितीतरी माणसांना अकुसल म्हणजे वाईट कर्म हे पाठ आहे. आणि साहेब तोच शब्द बाविशीतल्या पोराच्या नावापुढे लिहितात!

आता ताईंचा प्रश्न. 'नवखा' हा जागेला आणि माणसांना नवा असतो. वीस वर्षं कोल्हापुरात ट्रक चालवलेला गडी दादर टीटीला नवखाच. 'नवशिका' हा विद्येला नवा. 'शिकाऊ' म्हणजे रीतसर शिकायला ठेवलेला, आरटीओची शिकाऊ अनुज्ञप्ती असते तसा. 'अननुभवी' चूक नाही, पण त्याला दप्तराचा वास येतो. 'कच्चा' म्हणायचं तर कशात ते सांगावं, हिशेबात की इंग्रजीत.

तुमच्या मुलाला लागू पडेल असं मराठीत आधीपासून आहे: 'अजून हात बसायचाय'. गवंडी नव्या पोराबद्दल हेच म्हणतो, शिंपी हेच म्हणतो, पुरणपोळी शिकवणारी आईही हेच म्हणते. साहेबांकडून तो शेरा खोडून घ्या आणि हे पाच अक्षरी 'बसायचाय' तिथे लिहून घ्या.