एकाच गाण्याचे रिमिक्स आणि लाइव्ह तुकडे असलेली सिंगल लोक विकत का घेतात?

तुमचा प्रश्न असा की डेपेश मोड या इंग्लिश इलेक्ट्रॉनिक बँडचे सगळे अल्बम मोबाइलवर ऐकता येत असताना त्यांच्या एकाच गाण्याची सिंगल, त्यावर त्याच गाण्याचे रिमिक्स आणि मैफलीतले चार तुकडे, एवढ्यासाठी लोक पैसे का मोजतात. मी गेली बारा वर्षं बर्लिनमध्ये राहतो आणि या सिंगल्स गोळा करतो. सगळ्यांबद्दल सांगत बसण्यापेक्षा एकाच गाण्यावर उत्तर देतो : 'एव्हरीथिंग काउंट्स'.

हे गाणं जुलै १९८३ मध्ये आलं आणि ब्रिटनमध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. बॅसिल्डन या लंडनजवळच्या गावातली ही पोरं, डॅनियल मिलरच्या म्यूट रेकॉर्ड्स या कंपनीतून गाणी काढायची. गाण्याचा विषय पैसा आणि हाव. कडवी डेव्ह गहान गातो, धृपद मार्टिन गोर. मिक्सिंग पश्चिम बर्लिनमधल्या हान्झा स्टुडिओत झालं, भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. व्हिडिओत तुम्हाला झायलोफोन, मेलोडिका आणि शॉम दिसतील. शॉम म्हणजे आपल्या सनईच्याच जातीचं जुनं युरोपीय वाद्य. असे खऱ्या वाद्यांचे आवाज सॅम्पल करून, म्हणजे मशीनमध्ये टिपून घेऊन, ते कीबोर्डवर वाजवत होते.

सात इंची तबकडीवर हे गाणं चार मिनिटांत संपतं, बारा इंचीवर सात मिनिटांहून जास्त चालतं. बारा इंची तबकडी मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि तिच्या खाचांना ऐसपैस जागा मिळते, म्हणून खर्ज भरदार उमटतो. ती मुळात डान्स क्लबसाठीच केलेली असायची. त्या काळी लांब आवृत्ती करायची म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची टेप पुन्हा मिक्सरवर घ्यायची, एकेक आवाज उघडायचा-झाकायचा, आणि टेप ब्लेडने कापून जोडायची. त्यामुळे ऐकताना गाण्याचे सांधे दिसतात. मूळ गाण्यात आवाजाखाली दबलेली एखादी सुरावट इथे एकटी समोर येते. त्यानंतर छोटं गाणं ऐकलं की तिथेही ती ऐकू येऊ लागते. माझा लाइपझिगचा एक सहकारी आहे. त्याने लहानपणी, भिंत उभी असताना, पश्चिमेच्या रेडिओवरून कॅसेटवर टेप केलेली लांब आवृत्तीच पहिल्यांदा ऐकली. आजही छोटं गाणं त्याला अर्धवट तोडल्यासारखं वाटतं.

पण माझ्या दृष्टीने खरा ठेवा दुसरीकडे आहे. याच गाण्याची एक मर्यादित बारा इंची निघाली होती, क्रमांक एल-१२-बाँग-३. (त्यांच्या ब्रिटिश सिंगल्सना १९८२ पासून 'बाँग' क्रमांक असतात आणि चाहते गाण्याच्या नावाऐवजी त्या क्रमांकानेच बोलतात.) तिच्यावर २५ ऑक्टोबर १९८२ ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन या सभागृहात ध्वनिमुद्रित केलेली चार गाणी आहेत. मला ती माउअरपार्कच्या रविवारच्या बाजारात मिळाली, कव्हरचा कोपरा दुमडलेला, अठरा युरोला.

या चार गाण्यांचं महत्त्व कळायला थोडी पार्श्वभूमी लागते. पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी लिहिणारा व्हिन्स क्लार्क १९८१ च्या शेवटी बँड सोडून गेला. त्याच्या जागी दौऱ्यांसाठी ॲलन वाइल्डरला घेतलं, पण 'अ ब्रोकन फ्रेम' या दुसऱ्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात त्याला घेतलं नाही. अल्बम तिघांनीच केला. म्हणजे त्या अल्बममधलं 'द मीनिंग ऑफ लव्ह' किंवा 'नथिंग टु फिअर' वाइल्डरच्या हातून ऐकायचं असेल, तर मैफलीशिवाय मार्ग नाही. क्लार्कची 'न्यू लाइफ' आणि 'बॉइज से गो!' ही गाणीही तो नसताना ते कशी वाजवतात, हे इथेच कळतं. ताल टेपवरून येतोय आणि त्यावर चार पोरं जिवाच्या आकांताने गाणं उचलून धरतायत. स्टुडिओत गोड वाटणारी ही गाणी इथे धावतात. पुढे वाइल्डरने या बँडला जो भारदस्त आवाज दिला, त्याच्या आधीचं हे वर्ष अल्बममध्ये सापडत नाही.

संगीत नाटकं पाहिलेल्या घरात हे वेगळं समजावायला नको. बालगंधर्वांच्या पदाला वन्स मोअर मिळायचा, तेव्हा लोकांना तेच पद पुन्हा हवं असायचं, पण तसंच्या तसं नको असायचं. दुसऱ्यांदा ते कुठली नवी जागा घेतात, यासाठी प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर यायचा. चाहत्याचा कान तोच असतो.

हेच गाणं फेब्रुवारी १९८९ मध्ये पुन्हा सिंगल म्हणून आलं, या वेळी लाइव्ह. १८ जून १९८८ ला अमेरिकेतल्या पॅसाडिनाच्या रोझ बोल स्टेडियममध्ये दौऱ्याचा १०१ वा कार्यक्रम झाला, साठ हजारांहून जास्त लोक होते, आणि शेवटचं गाणं हेच होतं. साध्या बारा इंचीवर त्या मैफलीतलीच आणखी गाणी आहेत, आणि मर्यादित बारा इंचीवर टिम सिमेनॉन व मार्क साँडर्स या निर्मात्यांचे रिमिक्स. त्यातला 'एव्हरीथिंग काउंट्स'चा रिमिक्स मला १९८३ च्या लांब आवृत्तीइतका भावत नाही. त्याचे ढोल त्या वर्षाच्या क्लबांचे आहेत, गाण्याचे वाटत नाहीत. 'स्ट्रेंजलव्ह'चा रिमिक्स मात्र जरूर ऐका. सिमेनॉनने पुढे १९९७ चा त्यांचा 'अल्ट्रा' हा अल्बम केला, त्या मैत्रीची सुरुवात इथे कानावर पडते.

रोझ बोलच्या ध्वनिमुद्रणात शेवटी बँड थांबतो आणि लोक धृपद गातच राहतात. हाव धरणाऱ्या हातांबद्दलचं गाणं, हजारो लोक एका सुरात, वाद्यांशिवाय. बँडमधला अँडी फ्लेचर २०२२ मध्ये गेला, त्या रात्री मी एवढाच भाग लावून बसलो होतो.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी १९८३ चं छोटं गाणं ऐका, लगेच लांब आवृत्ती, मग रोझ बोल, आणि हॅमरस्मिथ सगळ्यात शेवटी. तबकडीच हवी असेल तर जुन्या प्रतीमागे धावायची गरज नाही. त्या काळातल्या बारा इंची सिंगल्स २०१८ मध्ये संचांच्या रूपात पुन्हा निघाल्या आहेत, 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन' या, हे गाणं असलेल्या अल्बमच्या संचात ही मर्यादित तबकडीही आहे. जुनी घ्यायचीच असेल तर दुकानात कव्हरच्या कण्यावरचा क्रमांक वाचा. त्याच्या सुरुवातीला 'एल' नसेल तर ती साधी बारा इंची, तिच्यावर हॅमरस्मिथची गाणी नाहीत.