ईईजी काढल्यावर मुलाला एडीएचडी आहे का ते कळतं का? आणि हा उतावीळपणा वडिलांकडून येतो का?

ताई, तुम्ही निपाणीहून लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो, रस्ता न बघता धावत सुटतो. सासूबाई ‘बापाचंच रक्त’ म्हणतात आणि कुणीतरी ईईजी काढायला सांगितलाय. मी बेळगावात ईईजी काढायचंच, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद घ्यायचंच काम करते. त्या कागदावरून एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, उतावीळपणा आणि अति चळवळ यांचा त्रास, आहे की नाही हे ठरत नाही.

ही आशा जुनी आहे. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांच्या मेंदूत पुढच्या बाजूला संथ लहरी दिसतात, असं जॅस्पर आणि ब्रॅडली यांनी 1938 सालीच नोंदवलं होतं. पुढे सेकंदाला 4 ते 7 वेळा येणाऱ्या थीटा लहरी आणि 13 ते 30 वेळा येणाऱ्या बीटा लहरी यांचं प्रमाण मोजायची पद्धत आली. 2013 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावरच्या एका यंत्राला परवानगी दिली, पण डॉक्टरांच्या तपासणीला जोड म्हणूनच. 2016 मध्ये तिथल्या न्यूरॉलॉजी तज्ज्ञांच्या संघटनेने या प्रमाणावर निदान करू नका असं सांगितलं. एडीएचडी असलेल्या कित्येक मुलांत ते नेहमीसारखंच असतं आणि नसलेल्या काहींत वाढलेलं सापडतं. मूल पेंगुळलं तरी थीटा वाढतो, हे तर आम्ही रोज बघतो. कवटीवरून मिळणारी नोंद म्हणजे गणपत गल्लीच्या बाजाराचा गलका गच्चीवरून ऐकण्यासारखी आहे. गर्दी किती ते कळतं, कोण कुणाशी काय बोलतंय ते नाही.

तुमच्या मुलाच्या त्रासाशी जास्त जवळचं संशोधन वेगळं आहे. मुलाला पडद्यावर चित्रं दाखवतात. एका चित्राला बटण दाबायचं, दुसरं दिसलं की हात रोखायचा. हात रोखताना साधारण तीन-चार दशांश सेकंदानंतर मेंदूत एक लहर उठते, चूक झाली की लगेच आणखी एक. एडीएचडी असलेल्या मुलांच्या गटात या लहरी सरासरीने लहान दिसतात. काही अभ्यासांत त्यांच्या तक्रार नसलेल्या सख्ख्या भावंडांतही चुकीनंतरची लहर मधल्या उंचीची आढळली. म्हणजे स्वतःला आवरण्याची ही नाजूक बाजू घराण्यात चालत येते. पण ही गटाची सरासरी आहे. एकट्या मुलाला त्यावरून शिक्का मारता येत नाही.

म्हणून सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुळ्यांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता सुमारे 74 टक्के येते. याचा अर्थ मुलाने वडिलांकडून 74 टक्के उचललं असा नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा तेवढा वाटा जनुकांतल्या फरकांचा, इतकंच. 2023 च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 27 जागा सापडल्या आणि एकेकीचा परिणाम अगदी बारीक आहे. रक्त तपासून काही कळणार नाही. लाड केल्याने किंवा न मारल्याने हे झालेलं नाही. आणि ‘बापाचं रक्त’ हे वाक्य मुलासमोर बोलणं आजपासून थांबवा. तो नऊ वर्षांचा आहे, सगळं ऐकतो. मुलाच्या वडिलांनाही लहानपणापासून असाच त्रास असेल तर त्यांचीही तपासणी करून घ्या. मोठ्या माणसांवरही उपचार होतात, आणि घराला वेळापत्रक लावायचं तर त्यांची साथ लागेलच.

निदान होतं ते हकिगतीवरून. लक्षणं 12 वर्षांच्या आत सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा दोन तरी ठिकाणी दिसणारी हवीत. आपल्या भागात ही दुसऱ्या ठिकाणाची अट मला फार मोलाची वाटते. घरात मराठी, शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची, आणि बाई काय म्हणतात तेच कळत नसेल तर कुठलंही मूल खिडकीबाहेर बघेल. तो आजीच्या गोष्टीला, शिकवणीला, खेळातल्या पाळीला कसा वागतो तेही डॉक्टरांना सांगा. बाईंकडून चार ओळी लिहून घ्या, वह्या सोबत न्या. बेळगावच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे. मिथाइलफेनिडेटसारख्या गोळ्यांचा अनेक मुलांना चांगला उपयोग होतो, पण त्या डॉक्टरांनीच लिहून द्यायच्या. भूक, वजन आणि नाडीवर लक्ष ठेवावं लागतं.

मग ईईजी कधी काढायचा? मूल बोलता बोलता मध्येच थांबतं, काही सेकंद टक लावून बघतं, हाक मारली तरी भानावर येत नाही आणि पुन्हा जणू काही झालंच नाही असं वागू लागतं, तेव्हा. तो फिटचा एक प्रकार असू शकतो, आणि बाहेरून तो लक्ष नसल्यासारखाच दिसतो. ईईजीत तिथे सेकंदाला साधारण तीन टोकदार लहरी ओळीने येतात. त्या दिसाव्यात म्हणून आम्ही मुलाला तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावतो. लहान मुलांच्या हातात कागदी भिरभिरं देतो. असे झटके तुम्हाला दिसले असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याची फार मदत होते. तपासणीला येताना केस धुऊन, तेल न लावता आणा, आणि उपाशी आणू नका. आदल्या रात्री किती झोपवायचं ते आधीच विचारून घ्या, आणि चालू असलेली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.